सात कापा, पाच ठेवा

घनगुरुजींच्या हातात बंद खोकं देऊ नये, हे केममध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. द्यायचंच झालं तर आतली वस्तू आधी काढून घ्यावी. गुरुजी खोकं फाडत नाहीत. फाडणाऱ्यांविषयी त्यांचं मत फार वाईट आहे. ते खिशातून कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं पातं काढतात, खोकं चहूबाजूंनी फिरवून पाहतात आणि मग एकेक कड अशा बेतानं कापत जातात, की शेवटी ते एकसंध राहून जमिनीवर सपाट पसरावं. तोंडानं मंत्र चालू असतो, "सात कापा, पाच ठेवा." तोवर आतला मिक्सर उघडा पडलेला असतो, वॉरंटीचं कार्ड वाऱ्यानं शेजारच्या गोठ्यात गेलेलं असतं आणि ज्या नवरदेवाला तो आहेर आलेला असतो, तो "गुरुजी, राहू द्या की" म्हणून म्हणून थकलेला असतो.

घनगुरुजी हे एका माणसाचं नाव नव्हे, तो एक वाण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला गणित शिकवण्यात हयात गेली, निवृत्तीनंतरही शिष्यवृत्तीच्या जादा तासांची खोड सुटली नाही, पेन्शन वेळेवर येते, गुडघे शाबूत आहेत आणि घरात ऐकणारं कुणी नाही, एवढं जुळून आलं की हा वाण कुठंही उगवतो. माढ्याला आहे, बार्शीला आहे. मुलाकडं पुण्याला राहायला गेलेले काही सोसायटीच्या बागेत लहान पोरांच्या मागं फिरताना दिसतात. पण केममध्ये त्याला जो जोम येतो, तो दुसरीकडं येत नाही.

त्याला कारण कुंकू. दौंडहून सोलापूरकडं जाणाऱ्या गाडीनं निघालं की जेऊर जातं, भाळवणी जाते आणि कुर्डुवाडी यायच्या आत केम लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव उत्तरेश्वराच्या देवळासाठी आणि कुंकवासाठी ओळखलं जातं. पंढरपुरात, तुळजापुरात प्रसादाच्या दुकानांसमोर ज्या लाल राशी दिसतात, त्यांचं माहेर बऱ्याचदा हेच. आता कुंकू म्हटलं की लोकांना रंग आठवतो, सवाष्ण आठवते, देवी आठवते. घनगुरुजींना पुठ्ठा आठवतो. कारण कुंकू गावाबाहेर जातं ते पुड्यांतून, पुड्या जातात खोक्यांतून, आणि खोकी कारखान्यात येतात ती सपाट, सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यांत. सपाट येणार, उभी होणार, भरून जाणार. गुरुजी हे पाहत कारखान्याच्या दारात तासन् तास उभे असतात. मालकाला पहिल्यांदा वाटलं, उधारी मागायला आलेत.

घनाला सहा पृष्ठं, बारा कडा आणि आठ शिरोबिंदू असतात. हे कुणालाही येतं, आणि गुरुजींचा राग नेमका त्यावर आहे. "येतं म्हणजे पाठ येतं. डोळे मिटा आणि मोजून दाखवा." एका साखरपुड्यात पेढ्यांचं खोकं त्यांच्या हाती आलं. खोकं चौकोनी, लांबी-रुंदी-उंची सारखी. गुरुजींचे डोळे लकाकले. रांगेतल्या पहिल्याच पाहुण्याला त्यांनी विचारलं, "पेढा नंतर. आधी सांगा, कडा किती?" पाहुणा बार्शीचा अडत्या, आकड्याला कच्चा नव्हता. त्यानं खोकं फिरवत फिरवत मोजायला घेतलं आणि तेरा काढल्या, कारण सुरुवात कुठून केली हे मधेच विसरला. गुरुजींनी समजावलं, "फिरवायचं नाही. वरच्या चार, खालच्या चार, उभ्या चार." मागं उभ्या असलेल्या पोरानं पेढे मोजले. ते त्याला जास्त बिनचूक जमले. त्याच्या मते रांग अजून दहा मिनिटं अशीच थांबली तर पुरणार नव्हते, कारण मागून दुसरी रांग खोक्यात हात घालत होती.

आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये आर्यभटीय लिहिलं, त्यात घनाची ओळख त्यानं बारा कडांचा अशीच करून दिली आहे. गुरुजी हे असं सांगतात, की जणू आर्यभट त्यांच्याच केंद्रातल्या शाळेत होता आणि बदली होऊन गेला.

पण खरा जीव घडणींत. बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकात घडणींचा पाठ गुरुजी शिकवत, तेव्हापासून त्यांना हे लागलं. घन उलगडून सपाट केला की सहा चौरसांची जी एकसंध आकृती मिळते, ती त्याची घडण. अधिकाच्या फुलीला एक शेपूट, ही सगळ्यांना माहीत असलेली. पुस्तकातली पोरं एवढ्यावर थांबतात. गुरुजी थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, कापायच्या कडा सातच का? आणि याचं उत्तर त्यांना सापडलं त्या दिवसापासून ते तालुक्यात कुठंही, कुणालाही, एसटीच्या खिडकीतूनसुद्धा सांगतात. घनाचे कोपरे म्हणजे आठ गावं धरा. केम, जेऊर, कंदर, भाळवणी, वाटतील ती. कोपरा सपाट व्हायचा तर तिथवर काप पोचलाच पाहिजे. आठ गावं एकमेकांना जोडायला सात रस्ते पुरतात. सहा केले तर एखादं गाव तुटतं, म्हणजे खोकं नीट उघडत नाही. आठवा केला तर कुठंतरी फेरा पूर्ण होतो आणि पुठ्ठ्याचा तुकडा सुटून पडतो. बारातून सात गेले, पाच राहिले. त्या पाचांवरच सहा चौरस एकमेकांना धरून असतात.

हे मला पटतं. इतकं पटतं, की गुरुजी बरोबर असतात हीच त्यांची खरी अडचण आहे, असं माझं मत झालं आहे. चुकणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो, चहा पिता येतो. यांच्यासमोर फक्त मान हलवता येते, आणि मान हलवली की ते पुढचा मुद्दा काढतात.

पुढचा मुद्दा असा, की खोकं एकसंध उलगडेल अशा सात कडा निवडायच्या रीती एकूण ३८४. आणि एवढ्या रीतींनी कापून, फिरवून-पालथं घालून सारख्या दिसणाऱ्या एकत्र केल्या, तर उरतात फक्त ११. इथं ते थांबतात आणि समोरच्याकडं पाहतात. समोरच्यानं काहीतरी म्हणावं अशी अपेक्षा असते. कुणी काही म्हणत नाही, तेव्हा ते स्वतःच म्हणतात, "करमाळ्याच्या कमलाभवानीला किती खांब? ९६. विहिरीला पायऱ्या किती? ९६. आता ९६ म्हणजे काय? आठ बारे. शिरोबिंदू गुणिले कडा. आणि ३८४ म्हणजे ९६ ची चौपट." देवळाच्या या आकड्याचा तालुक्याला अभिमान आहेच. त्यामुळं त्यात घनही बसतो म्हटल्यावर ऐकणाऱ्यांपैकी निदान एक म्हातारी हात जोडते. गुरुजी स्वतः देवभोळे नाहीत, पण त्या नमस्काराला ते हरकत घेत नाहीत.

या अकरा घडणी त्यांच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गेरूनं काढलेल्या आहेत. लग्नाच्या भिंती रंगवतात तिथं, दाराच्या डाव्या अंगाला. चौघांची रांग आणि एक वर, एक खाली, अशा सहा. तिघांची रांग, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, अशा तीन. दोन-दोन-दोनचा एक जिना. तीन-तीनची एक पायरी. झाल्या अकरा. सहा चौरस कडेला कड लावून जोडले तर पस्तीस वेगवेगळ्या आकृत्या होतात, त्यांपैकी चोवीस कितीही दुमडा, घन होत नाहीत. पाच एका रांगेत आले की पहिला आणि पाचवा एकमेकांच्या उरावर बसतात. चार चौरस एका बिंदूभोवती गोळा झाले की तिथं वळायला जागाच राहत नाही, कारण घनाच्या कोपऱ्यावर तीनच पृष्ठं भेटतात. अकराही घडणींच्या भोवती दोरा फिरवला तर तो सारखाच लागतो, चौदा बाजूंचा. सात कापांचे दोन-दोन काठ. म्हणून चिकटवायला पट्ट्याही सातच लागतात. ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकारानं १५२५ मध्ये छापलेल्या पुस्तकात असे घनाकार उलगडून दाखवले होते. गुरुजींचं म्हणणं, त्याच्या भिंतीला गेरू मिळाला असता तर त्यानंही तिथंच काढले असते.

शिष्यवृत्तीच्या पेपरात या घडणीवर हमखास प्रश्न येतो, मिटल्यावर अमक्याच्या समोर कोण? "रांगेत एक सोडून दुसरा," एवढं सूत्र गुरुजींनी गावातल्या दोन पिढ्यांना दिलं आहे. त्याचे परिणाम वाढप्यांनाही भोगावे लागतात. पंगतीत बसलेली माणसं आपल्या समोर कोण येईल ते एक सोडून एक मोजताना मी पाहिली आहेत.

पारावर सोंगट्या खेळणारे म्हातारे आता राहिले नाहीत. त्यांचा पासा लांबट होता, चार बाजूंवर ठिपके असलेला. गुरुजी त्याला इष्टिकाचिती म्हणून मान देत, घन म्हणून नाही. आता पोरं मोबाइलवर लुडो खेळतात. गुरुजींचा त्याला सक्त विरोध. जुगार म्हणून नव्हे. "फाशाच्या समोरासमोरच्या पृष्ठांची बेरीज सात पाहिजे. हा फोन तुला वरचा सहा दाखवतो. खाली एक आहे हे कशावरून?" पोरानं सांगितलं, खाली बॅटरी आहे. गुरुजींनी त्याला पुढं कधी समभुज म्हटलं नाही, म्हणजे माणसांत धरलं नाही.

घरी हे सगळं स्वयंपाकघरात फिरतं. एकदा सुनेनं रस्स्यासाठी बटाटे चिरायला दिले. "मामा, तेवढे चिरून द्या." तासाभरानं जाऊन पाहिलं तर परातीत एकच घन तयार होता, चारी बाजूंनी पट्टी लावून छिललेला, आणि बाकीचा सगळा बटाटा साली म्हणून बाजूला. गुरुजींनी शांतपणे त्या घनाला कुंकवाच्या राशीत घोळवलं. सहाही पृष्ठं लालभडक. मग उभे दोन काप, आडवे दोन, समोरून दोन, झाले २७ लहान घन. "आता मोज. तीन बाजूंनी लाल किती? आठ. दोन बाजूंनी? बारा. एकाच बाजूनं? सहा. म्हणजे शिरोबिंदू, कडा, पृष्ठं. आणि हा मधला पांढरा फटक, याला कुंकू लागलंच नाही. शिष्यवृत्तीला दरवेळी हाच विचारतात." सून म्हणाली, "मामा, रस्स्यात टाकायला तरी तेवढाच एक राहिला."

याच घरात बटाट्याच्या घनाला सहा कडांच्या मध्यांतून तिरका छेद दिला की नियमित षटकोन निघतो, हेही सिद्ध झालेलं आहे. कपडे धुण्याच्या साबणाचा एक कोपरा उडवला तर पृष्ठं सात होतात, शिरोबिंदू दहा, कडा पंधरा, आणि तरी दहात सात मिळवून पंधरा वजा केले की उत्तर दोनच येतं, जसं आधी आठ, सहा आणि बाराचं आलं होतं. ऑयलरचं हे सूत्र साबणाला लागू आहे याची खात्री गुरुजींनी घरातल्या प्रत्येक वडीवर करून घेतली. त्या महिन्यात धुण्याला बसणाऱ्यांच्या हातात कोपरे नसलेल्या वड्या होत्या. सासूबाईंनी नवऱ्याला नावानं नव्हे, "ह्यांचं डोकं" म्हणून हाक मारायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

मुंगीचं प्रकरण थोडं करुण आहे. खोकं दहा सेंटीमीटरचं. मुंगी एका कोपऱ्यात, गुळाचा खडा तिच्या अगदी समोरच्या, वरच्या टोकाच्या कोपऱ्यात. कडेकडेनं गेली तर तिला तीस सेंटीमीटर पडतात. एक कड आणि एक कर्ण धरला तर चोवीस आणि वर थोडं. पण दोन पृष्ठं उलगडून सपाट करा आणि सरळ रेघ ओढा, की बावीस आणि थोडं. हाच सगळ्यांत जवळचा रस्ता. गुरुजींनी खोक्यावर पेन्सिलीनं रेघ ओढून मुंगी सोडली. मुंगी रेघेवरून चार पावलं गेली, वळली, खोक्याच्या तळाशी गेली आणि फटीतून आत शिरली. गुरुजी बराच वेळ वाट पाहत बसले. शेवटी म्हणाले, "ती शिष्यवृत्तीला बसलेली नाही."

बाजारात मात्र त्यांचा खरा उपयोग झालेला आहे, हे कबूल करायला हवं. एका व्यापाऱ्यानं मोठ्या मालासाठी खोकं दुप्पट करायचं ठरवलं आणि लांबी-रुंदी-उंची, तिन्ही दुप्पट सांगितल्या. गुरुजी तिथंच होते, ते कुठं नसतात? "पुठ्ठा चौपट लागेल. माल आठपट बसेल. आणि उचलायला माणूस कोण आणणार आहात?" व्यापाऱ्याला ते कंजूष माणसाचं बोलणं वाटलं. गुरुजींनी त्याला डेलॉस बेटाची गोष्ट सांगितली. ग्रीसमधलं बेट, साथ आलेली, देवानं सांगितलं घनाकार वेदी दुप्पट करा. लोकांनी प्रत्येक बाजू दुप्पट केली, वेदी आठपट झाली, साथ गेली नाही. कंपास आणि बिनखुणांच्या पट्टीनं घनाची नेमकी दुप्पट काढताच येत नाही, हे सिद्ध व्हायला पुढं १८३७ साल उजाडलं. व्यापाऱ्यानं विचारलं, "मग नवसाचं काय झालं?" गुरुजींकडं त्याचं उत्तर नव्हतं. पण खोकं व्यापाऱ्यानं दुप्पट न करता थोडंसंच वाढवलं आणि हमालांनी त्याला दुवा दिला. गुरुजींना कुणी दिला नाही.

एवढं असून गुरुजी कंटाळवाणे का वाटत नाहीत, याचा मी विचार केला आहे. करमाळा तालुक्यात मोजून भरवसा ठेवावा अशा गोष्टी थोड्या. यंदा पाऊस किती, कुणी सांगत नाही. कांद्याला भाव किती, गाडी सोलापूर मार्केटला लागेपर्यंत कळत नाही. उजनी धरणाचा साठा प्लसमध्ये की मायनसमध्ये, यावर सकाळचा चहा कडू की गोड ते ठरतं. स्टेशनावर कुठली गाडी थांबणार आणि कुठली नाही, हेही पक्कं राहत नाही. अशा मुलखात एक माणूस भिंतीकडं बोट दाखवून सांगतो, ह्या अकरा, बारावी नाही, काल नव्हती, उद्या नसेल. ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, पण बरं वाटतं. मोजून संपलेलं काहीतरी आपल्या गावात आहे, भले ते पुठ्ठ्याचं का असेना.

याच भरवशावर गुरुजींनी बक्षीस लावलं. भिंतीवर, अकरा घडणींच्या खाली: "घनाची बारावी घडण आणून दाखवणाऱ्यास रोख रु. ११ बक्षीस." गुरुजी हात आखडता माणूस, चहा पाजताना कपात किती मावतो तेही बघतात. पण या एका बाबतीत त्यांचं औदार्य हळूहळू वाढत गेलं. अकराचे एकावन्न झाले, एकावन्नचे एकशे एक, आणि गेल्या काही वर्षांत पाचशे एक. जे द्यायचंच नाही ते देण्यात माणूस किती सढळ होतो, हे पाहायचं असेल तर ती भिंत पाहावी. पोरं येत, कागद कापून आणत. बहुतेकांची बारावी म्हणजे जुनीच, पालथी घातलेली. गुरुजी ती भिंतीवरच्या आठवीवर टेकवून दाखवत आणि म्हणत, "पालथं घातलं म्हणून नवं होत नाही." हे वाक्य त्यांनी एकदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर चौकातही म्हटलं होतं, तेव्हा दोन्ही गटांनी ते दुसऱ्याला लावून घेतलं.

मग कारखान्यातली पॅकिंगवाली मावशी आली.

मावशी रोज शेकडो खोकी उभी करते. बोटं कायमची लाल. ती भिंतीजवळ आली, बगलेत एक खोकं. गुरुजींनी ते हातात घेतलं आणि सवयीनं मोजलं. लांबी, रुंदी, उंची, सगळं सारखं.

"ह्यो घनच हाय न्हवं, गुरुजी?"

"घन आहे."

"बरं." मावशीनं चिकटवलेली उभी शिवण सोडवली आणि खोकं रस्त्यावर पसरलं. चार चौरस एका रांगेत, आणि प्रत्येकाला वर एक झडप, खाली एक झडप, आठ झडपा, प्रत्येक अर्ध्या चौरसाएवढी. गुरुजी हसले. "हे मला ठाऊक आहे. पण यात पुठ्ठा आठ चौरसांचा लागतो. दोन चौरस वाया."

"वाया न्हाईत. त्येनं तळ फाटत न्हाई," मावशी म्हणाली. "पन तुमाला नको आसतील तर काढते." तिनं कात्री काढली आणि दोन चौरसांवरच्या, आतल्या बाजूला दुमडल्या जाणाऱ्या चार झडपा छाटून टाकल्या. राहिले चार चौरस आणि चार झडपा. चार आणि चार अर्धे, सहा चौरसांचा पुठ्ठा, कमी नाही, जास्त नाही. तिनं ते दुमडलं. वरच्या दोन झडपा मधोमध येऊन मिळाल्या, खालच्या दोन तशाच. बंद घन.

गुरुजींनी भिंतीकडं पाहिलं. खोक्याकडं पाहिलं. पुन्हा भिंतीकडं. रस्त्यावर तोवर आठ-दहा माणसं जमली होती, आणि त्यांत शिष्यवृत्तीला नापास झालेले तीन होते.

"याचा काप पृष्ठाच्या मधून गेलाय," गुरुजी म्हणाले.

"गेलाय की. तितंच तर आमी टेप मारतो."

"कड सोडून कापायचं नसतं."

"कुटं लिवलंय?"

सगळ्यांनी मिळून भिंत वाचली. तिथं कडेचं काही लिहिलेलं नव्हतं. गुरुजींनी ती पाटी स्वतः लिहिली होती, तीन वेळा रक्कम खोडून नवी केली होती, आणि त्यात एवढी एक अट घालायची राहून गेली होती, कारण ती त्यांना अट वाटलीच नव्हती. त्यांच्या लेखी कड सोडून कुणी कापतच नसे.

मला वाटतं, गुरुजींना धक्का पाचशे एक रुपयांचा बसला नाही. ते मावशीचा पुठ्ठा हातात घेऊन पुटपुटत होते, "मधून कापायला परवानगी दिली तर अर्ध्यातून कापता येईल, पाव भागातून कापता येईल, तिरकं, नागमोडी... मग बारावीच काय, अंतच नाही." भिंतीवरच्या अकरा आकृत्यांना पहिल्यांदाच कुणीतरी शेजार दाखवला होता, आणि तो क्षितिजापर्यंत पसरलेला निघाला.

"अंत न्हाई म्हंजे," मावशी म्हणाली, "पाचशे एक कमीच झालं."

गुरुजींनी एक दिवसाची मुदत मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारखान्यात गेले, डोळे लाल, जागरणाचे की कुंकवाचे ते कळायला मार्ग नाही. त्यांनी मावशीसमोर अडीचशे रुपये आणि एक आठ आण्याचं नाणं ठेवलं. नाणं त्यांनी जपून ठेवलेल्यांतलं होतं. सगळ्या पॅकिंगच्या बायका हात थांबवून पाहत होत्या.

"हे अर्धं बक्षीस," गुरुजी म्हणाले. "तुमच्या घडणीत चौरस चारच आहेत. झडपा अर्ध्या आहेत. अर्ध्या चौरसाला अर्धं बक्षीस. हा हिशेब आहे, यात मी माझी बाजू धरलेली नाही."

मावशीनं नाणं उलटंसुलटं करून पाहिलं. "आठ आणे आता चालत न्हाईत, गुरुजी. आन् अर्ध्या झडपा किती हायेत?"

"चार."

"मंग चार अर्ध्यांची दोन पुरती बक्षिसं झाली. एक हजार दोन."

गुरुजींनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. बरोबर होता. बरोबर उत्तराला चूक म्हणणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही, तपासायच्या पेपरांतही नाही. मालकानं मधे पडून पाचशे एकवर मिटवलं, आणि गुरुजींनी ते दोन हप्त्यांत दिले.

भिंतीवरची पाटी आता नवी आहे. बक्षीस वाढवलं आहे असं गुरुजी सांगतात. पाटीवर लिहिलं आहे: घडण एकसंध असावी. काप फक्त कडेनंच घ्यावा. झडप, पट्टी, टेप, स्टेपल, शिवण चालणार नाही. चौरस पुरते सहा असावेत, अर्धे-पाव धरले जाणार नाहीत. फिरवलेली किंवा पालथी घातलेली आकृती नवी मानली जाणार नाही. बटाटा, साबण, पेढे आणू नयेत. कुंकू कारखान्यातील कामगारांनी खोकं आणताना परीक्षकास आधी कळवावं. परीक्षकाचा निर्णय अंतिम. या अटींत पाटीची सगळी जागा गेली, त्यामुळं रकमेचा आकडा लिहायचा राहिला. तो विचारणाऱ्याला गुरुजी तोंडी सांगतात, आणि तोही घनाच्या कडा मोजून दाखवल्यावर.